दुरून डोंगर साजरे?

डोंगर दुरूनच साजरे दिसतात, असे आपली जुनी म्हण सांगते. अमेरिकेत लेकीकडे अथवा मुलाकडे गेलेल्या मॉरिशसच्या मराठी कुटुंबाला सिॲटलहून पोर्टलंडला जाताना या म्हणीची परीक्षा घेता येते. वाट वाकडी करून माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी पाहावा, की सरळ पुढे जावे?

प्रथम हिशेब पाहावा. महामार्ग सोडून कॅसल रॉक येथे पूर्वेकडे वळावे लागते. तेथून कोल्डवॉटर सरोवर सुमारे ७० किलोमीटर असून त्याच वाटेने परतावे लागते. म्हणजे अवघा दिवस खर्ची पडतो. शिवाय २०२३ च्या मे महिन्यात दरड कोसळून पुढचा पूल नष्ट झाला आणि जॉन्स्टन रिजकडे जाणारा रस्ता बंद पडला. म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची व आकाशाची चौकशी अवश्य करावी. ढगांनी शिखर झाकले, तर श्रम वाया जातात.

आता दर्शनाचा लाभ पाहू. निरभ्र दिवशी पोर्टलंडहून हा पर्वत सपाट माथ्याच्या शुभ्र घुमटासारखा शांत भासतो. त्याची जखम उत्तरेस आहे. १८ मे १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंप झाला, उत्तरेचा कडा ढासळला आणि भयंकर स्फोट झाला. २,९५० मीटर उंचीचे शिखर २,५४९ मीटरांवर आले, सुमारे ६०० चौरस किलोमीटर प्रदेशातील अरण्य उद्ध्वस्त झाले आणि ५७ माणसे मृत्यू पावली. कोल्डवॉटर सरोवरही त्या ढासळलेल्या दगडमातीने ओढा अडून निर्माण झाले.

आदल्या दिवशी घरमालकांच्या आग्रहास्तव त्यांना सामान आणण्यापुरते आत सोडण्यात आले होते. दुसरी तुकडी १८ तारखेस सकाळी १० वाजता जावयाची होती. केवळ दीड तासाच्या अंतराने ती वाचली! लोकांना धोक्याच्या प्रदेशात सोडू नये, असे सांगणाऱ्यांपैकी डेव्हिड जॉन्स्टन हा तीस वर्षांचा भूशास्त्रज्ञ मात्र पर्वतासमोरील निरीक्षणस्थानी कर्तव्य बजावीत असताना मरण पावला.

क्यूरपीपच्या त्रू ओ सेर विवराभोवती निवांत फेरफटका मारणाऱ्यास हे पाहण्यात विशेष अर्थ आहे. आपले बेटही अग्नीतूनच जन्मले. परंतु येथे त्या कथेचा हिरवा, शांत शेवट दिसतो. तेथे आरंभ दिसतो. राखेच्या उजाड मैदानावर प्रथम ल्युपिनची जांभळी फुले उगवली आणि त्यांच्या मुळांनी निकस भूमीला कस दिला.

तेव्हा दिवस मोकळा आणि आकाश स्वच्छ असेल, तर वाट खुशाल वाकडी करावी. घाई असेल, तर पोर्टलंडहूनच नमस्कार करावा. हा डोंगर दुरून साजरा दिसतो हे खरे. पण तो समजतो मात्र जवळूनच.