कचराभूमीचे आयुष्य आणि घरातील दोन डबे

मुद्दल, ठेव आणि चक्रवाढ हे शब्द बँकेच्या ग्राहकाला नित्य परिचयाचे असतात. शहराच्या कचराभूमीचा विचार करतानाही ते उपयोगी पडतात. कचराभूमी ही शहराची मर्यादित ठेवच होय. या ठेवीतून दररोज रक्कम काढली जाते, भरणा मात्र क्वचितच होतो. घरोघरी कचऱ्याचे वर्गीकरण आणि पुनर्वापर केल्यास ही ठेव अधिक वर्षे पुरेल काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याला दोन अटी आहेत.

तलावांच्या शहरातील प्रश्न

जबलपूर हे तलावांचे शहर. राणी दुर्गावतीने राणीताल, तिच्या दासीने चेरीताल आणि मंत्री आधारसिंहाने आधारताल बांधविला, अशी परंपरा येथे सांगितली जाते. पाणी साठविण्याची ही दूरदृष्टी ज्या शहराला लाभली, त्याच शहराचा कचरा पुढे राणीतालच्या परिसरात साचत गेला. उघड्या ढिगाऱ्यातून पावसाळ्यात झिरपणारे काळे पाणी भूजलात उतरते आणि आतील कुजणाऱ्या पदार्थांतून ज्वालाग्राही मिथेन वायू निर्माण होतो. मुंबईच्या देवनार कचराभूमीचा वापर १९२७ पासून होत आला. तेथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. एकेकाळी गावाबाहेर असलेली कचराभूमी वस्ती वाढत जाते तशी वस्तीच्या मध्यावर येते आणि नवी जागा द्यायला कोणतेही गाव राजी होत नाही.

जबलपुरात २०१६ मध्ये कठौंदा येथे कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा प्रकल्प सुरू झाला. दररोज ६०० टन कचरा आणि सुमारे साडेअकरा मेगावॉट वीज, अशी त्याची नियोजित क्षमता होती. ‘सारा कचरा जाळता येत असेल, तर घरी वर्गीकरण कशासाठी?’ असा प्रश्न मग साहजिकच विचारला जातो. परंतु भाजीपाल्याची देठे आणि उरलेले अन्न यांत पाण्याचे प्रमाण मोठे असते. ते जाळण्यात उष्णता मिळण्याऐवजी खर्ची पडते. शिवाय जळल्यानंतर राख उरतेच आणि तिलाही जागा लागते. वीजप्रकल्प असला तरी वर्गीकरणाची गरज संपत नाही, उलट वाढते.

चक्रवाढीचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कचऱ्याचे प्रमाण आजच्याइतकेच राहिले, तर एखादी कचराभूमी १० वर्षे पुरेल, असे मानू. निम्मा कचरा तेथे पोहोचूच दिला नाही, तर ती २० वर्षे पुरेल. पाचपैकी चार भाग वाचविले, तर ५० वर्षे. म्हणजे बचतीची प्रत्येक पुढची पायरी मागच्या पायरीपेक्षा अधिक लाभ देते.

आता चक्रवाढ पाहू. शहराचा कचरा दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला, तर ७२ च्या नियमानुसार तो १४-१५ वर्षांत दुप्पट होईल. मग वरील १० वर्षांची ८ वर्षे होतात, २० वर्षांची सुमारे १४ आणि ५० वर्षांची सुमारे २६. थोड्याशा बचतीचा लाभ ही वाढ गिळून टाकते. मोठी बचत मात्र तिलाही पुरून उरते. म्हणूनच केवळ समाधानापुरते केलेले वर्गीकरण अपुरे आहे.

पहिली अट : प्रथम ओला कचरा

पुनर्वापर म्हटले, की आपल्याला रद्दी, बाटल्या आणि पत्र्याचे डबे आठवतात. पण आपल्या घरातील या वस्तू रद्दीवाला किंवा कबाडी पूर्वीपासूनच नेत आला आहे. त्या कचराभूमीपर्यंत फारशा पोहोचतच नाहीत. भारतीय शहरांच्या कचऱ्यात वजनाने सुमारे निम्मा भाग ओल्या कचऱ्याचा असतो. खरी बचत तेथे आहे. ओला कचरा वेगळा राहिला, तर त्याचे खत किंवा वायू होतो. शिवाय उरलेला कागद आणि प्लास्टिक कोरडे राहून विकण्याजोगे ठरतात. पुण्यात कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेबरोबरच्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करू लागली. दारातच वेगळा केलेला सुका कचरा कष्टकऱ्याच्या हाती उत्पन्न होऊन पडतो, हे तेथे दिसून आले.

दुसरी अट : साखळी तुटू नये

गृहिणीने दोन डबे ठेवले आणि गाडीत दोन्हींचा कचरा एकत्र झाला, तर सारे श्रम व्यर्थ जातात. असा अनुभव एकदा आला, की पुन्हा वर्गीकरणाची इच्छा उरत नाही. याचे उत्तर आपल्याच प्रदेशातील इंदूरने दिले आहे. तेथे गाडीतच वेगवेगळे कप्पे करण्यात आले आणि वर्गीकरण न केलेल्या कचऱ्याबद्दल दंडाची तरतूद झाली. देवगुराडिया येथील लाखो टन जुन्या कचऱ्याची २०१८ अखेरपर्यंत छाननी होऊन सुमारे १०० एकर जमीन मोकळी झाली. ठेवीत भरणा करावयाचा तर तो असा. २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणारा प्रकल्प तेथे उभा राहिला. घराघरांतून ओला कचरा शुद्ध स्वरूपात मिळाल्याविना असा प्रकल्प चालणे अशक्य आहे.

नागरिकाचे कर्तव्य आणि नगरपालिकेचे कर्तव्य ही एकाच खात्याची जमा व नावे अशी दोन अंगे आहेत. एकाच बाजूची नोंद करून खाते जुळत नाही. वर्गीकरण नागरिकाने करावे आणि ते अखेरपर्यंत टिकविण्याची हमी नगरपालिकेने द्यावी. ती हमी पाळली जात नसेल, तर डबे एकत्र करण्यापेक्षा प्रभागाच्या नगरसेवकाकडे लेखी तक्रार करणे अधिक उचित ठरेल.

जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून असलेल्या मराठी कुटुंबांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि बँकेच्या शाखांनीही याचा प्रारंभ स्वतःपासून करावा. ओल्यासाठी एक डबा, सुक्यासाठी दुसरा. औषधे, बॅटऱ्या आणि आरोग्यविषयक कचरा कागदात गुंडाळून स्वतंत्र ठेवावा. अंगण वा गच्ची असल्यास ओल्या कचऱ्याचे खत घरीच करावे. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बचतीला जितकी लागू पडते, तितकीच कचऱ्यालाही. कोणते तळे साचवावयाचे, याचा निर्णय मात्र आपणच घ्यावयाचा आहे.