रंग लावायचा, पण कातडी झाकायला नव्हे

पुढच्या अंकात चार पानं छायाचित्रांना द्यावीत, आणि त्यांत लातूर-नांदेडच्या आपल्याच बायकांच्या चेहऱ्यांवर चित्रातले रंग, कुंचल्याचे फटकारे उमटवावेत, असा प्रस्ताव गटातल्या दोन तरुण मैत्रिणींनी मांडला. बैठकीत त्यावर चांगलीच खडाजंगी झाली. "१९९६ साली बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, आणि आता आपलंच त्रैमासिक मेकअपचे फोटो छापणार का?" असं एका जुन्या कार्यकर्त्या ताईंनी विचारलं. हा प्रश्न टोलवून चालणार नाही. मी प्रस्तावाच्या बाजूची आहे, पण काही अटींवर. त्या अटी मैत्रिणींपुढे ठेवण्यासाठी हे लिहिते आहे.

१९९६ साली आपला विरोध बाईच्या शरीराला बाजाराची फूटपट्टी लावण्याला होता. रंगाशी आपलं भांडण कधीच नव्हतं. मराठवाड्यातल्या बाईला रंग नवा नाही. हळद, कुंकू, काजळ, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण घेऊनच आपल्या आज्या वावरल्या. किनवट-मुखेडकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांचे आरशांचे कपडे आपण पाहतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड येतात, तिथं रंगलेले चेहरे पाहतो. प्रश्न असतो तो हा रंग कुणाच्या हुकमाने चढतो आणि कुणाच्या हुकमाने उतरतो, हा. नवरा गेला की कुंकू पुसायचं, हा असाच एक हुकूम. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. एवढ्याशा लाल टिकलीसाठी ग्रामसभा घ्यावी लागते, मग चेहऱ्यावरचा रंग हा आपला विषय नाही असं कसं म्हणायचं?

दुसरा हुकूम बाजाराचा. आमच्याकडे लग्नसराईत पार्लरमध्ये नवरी बसली की तिच्या कातडीपेक्षा दोन शेड उजळ बेस लावतात. मान एका रंगाची आणि चेहरा दुसऱ्याच. पार्लरवाल्या ताईला विचारलं तर ती म्हणते, "सासरची माणसं फोटो बघणार आहेत ना." तिचा दोष काढून काय उपयोग? ती गिऱ्हाइकाला हवं ते देते. 'फेअर अँड लव्हली' भारतात १९७५ साली आली आणि पुढची पंचेचाळीस वर्षं गोरेपण म्हणजे नोकरी, गोरेपण म्हणजे नवरा असं मुलींच्या मनावर ठसवत राहिली. २०२० साली अमेरिकेत काळ्या लोकांचं आंदोलन पेटलं, तेव्हा कंपनीनं नावातला गोरेपणा काढून 'ग्लो' घातला. नाव बदललं. सावळ्या मुलीच्या बापाकडे जास्त हुंडा मागणारी माणसं मात्र तीच आहेत.

घरातली चित्रंही याला हातभार लावतात. रविवर्म्याच्या १८९४ साली सुरू झालेल्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या, त्या गोऱ्याच. कॅमेराही निष्पाप नाही. पूर्वी फोटो धुण्याच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीचं एक कार्ड वापरत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत आणि त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची कातडी नीट दिसली की यंत्र नीट बसलं, असा हिशेब. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात नव्हतेच.

म्हणून माझी पहिली अट अशी की आपल्या फोटोंसाठी आधार घ्यायचा तो अजिंठ्याच्या चित्रांचा. ती आपल्या मराठवाड्यातलीच आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिंतींवर सावळ्या आणि काळ्या स्त्रिया दिमाखात उभ्या आहेत. पहिल्या लेण्यातल्या एका चित्राला तर 'काळी राजकन्या' असंच म्हणतात. रंगही बहुतेक मातीचेच. लाल गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, दिव्याची काजळी. निळा तेवढा परका, अफगाणिस्तानातल्या दगडाचा.

याच पाच-सहा रंगांत आपला मेकअप बसवता येईल. चेहऱ्याला उजळ बेस अजिबात लावायचा नाही. बाईची कातडी हीच भिंत. गालाच्या हाडावर गेरूचा रुंद फटकारा द्यायचा. तो मिसळून सारखा करायचा नाही, कुंचल्याच्या केसांच्या रेघा दिसू द्यायच्या. पापणीवर हिरवा, भुवईखाली पिवळ्याची एक रेघ, डोळ्यांची कड काजळाने लांबवलेली. ओठ गेरूचेच. कपाळाच्या एका कडेला पांढरा रंग अर्धवट, जुन्या भिंतीचा पोपडा निघावा तसा. निळा फक्त एकाच ठिकाणी, कानाच्या पाळीवर किंवा हनुवटीवर. ज्या मावशींच्या अंगावर गोंदण आहे त्यांचं गोंदण झाकायचं नाही. रंग त्याच्या बाजूनं न्यायचा. सुरकुत्याही बुजवायच्या नाहीत. पाठीमागे शेणामातीनं सारवलेली भिंत असावी. पांढरी भिंत घेतली की कॅमेरा चेहरा आणखी काळवंडतो आणि मग कुणीतरी संगणकावर तो 'उजळवायला' बसतं. फ्लॅश नको, सकाळचं एका बाजूनं येणारं ऊन पुरे. छापखान्यातून आलेलं पहिलं प्रूफ त्या बाईच्या हाताशेजारी धरून बघायचं, मगच छापायला सांगायचं.

दुसरी अट तब्येतीची. अजिंठ्याचे रंग म्हणजे त्या छटा, भिंतीचं साहित्य नव्हे. शाळेचे पोस्टर कलर, भिंतीचा डिस्टेंपर, चुना यांपैकी काहीही चेहऱ्याला लावायचं नाही. जुन्या तमाशात चेहऱ्याला मुरदाडशिंग चोपडत. ते शिशाचं संयुग, अंगात भिनणारं विष. पारंपरिक शेंदूरही शिशाचाच. चेहऱ्यासाठी बनवलेले, पाकिटावर घटक छापलेले रंगच आणायचे. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहायचा. खाज किंवा लाली आली तर तो रंग बाद. कुणी मेडिकलमधून 'गोरं करणारं' मलम आणून आधीच तोंडाला लावत असेल, तर तिच्याशी बोलायला हवं. त्यांतल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. कातडी पातळ होते, पुरळ उठतात. २०१८ साली सरकारनं अशी १४ मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

तिसरी अट मजुरीची. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी राजस्त्री आहे, तिच्याभोवती दासी आहेत. शृंगाराचं काम बायकांचंच, पण धंदा म्हणून त्याला मोल आलं की पुरुष पुढे. आपल्या मुंबईच्या चित्रपटधंद्यात मेकअप कलावंतांची जी संघटना होती तिच्या नियमांनुसार बाईला केशरचना करायची मुभा होती, मेकअपचं कार्ड मिळत नसे. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयानं हा नियम घटनाविरोधी ठरवला. म्हणजे बाईनं बाईचा चेहरा रंगवायचा, एवढ्यासाठी २०१४ साल उजाडावं लागलं. तेव्हा आपल्या फोटोंत रंगवणारी आपल्याच गावची पार्लरवाली असावी. तिला पूर्ण दिवसाचे पैसे द्यावेत. ती परवानगी देईल तर फोटोखाली तिचं नाव छापावं. समोर बसणाऱ्या बाईचाही दिवस मोडतो, तिलाही रोजगार द्यावा. "चळवळीचं काम आहे, फुकट कर" हे आपण इतरांना सुनावतो, तसं आपल्याला कुणी सुनावू नये.

आणि शेवटची अट, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. कोणता फोटो छापायचा हे जिचा चेहरा आहे तिनं ठरवायचं. रंग चढत असताना मध्येच नको वाटलं तर तिथंच थांबायचं. छापायला होकार दिल्यावरही अंक छापखान्यात जाईपर्यंत तिला नकाराचा हक्क राहील, हे कागदावर लिहून वाचून दाखवायचं. फोटो मोबाइलवरून गावभर फिरतात आणि त्याचा त्रास तिलाच होतो, संपादक मंडळाला नाही.

एवढ्यानं हुंडा थांबणार नाही, हे मलाही कळतं. पण दुकानाच्या पाटीवर, टीव्हीवर, लग्नाच्या अल्बममध्ये ज्या मुलीला आपल्यासारखा चेहरा कुठंच दिसत नाही, तिला तो निदान आपल्या पानांवर दिसेल. रंगवलेला, तरीही तिचाच. मैत्रिणींनो, तुमच्या गटात यावर बोला. अटी कमी वाटल्या तर वाढवा, जाचक वाटल्या तर तसंही कळवा. निर्णय पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे.