सहा सीटचं विमान विकून दोन सीटचं घेतलं, म्हणजे धंदा बसला का?



या वेळच्या व्हिडिओत विमानाचं उदाहरण घाईघाईत उरकलं. इथे नीट लिहितो, कारण मला त्या विमानात माझाच टेम्पो दिसतो.

अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान ठेवणं हे फक्त अब्जाधीशांचं काम नाही. दातांचा डॉक्टर, शेतकरी, दुकानदारसुद्धा जुनं विमान घेतो आणि आपण गाडी काढतो तसा पाचशे-आठशे किलोमीटरवर मुलीकडे नाहीतर गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो. यातले काही लोक बीचक्राफ्ट बोनान्झासारखं सहा सीटचं, कंपनीतून आलेलं विमान विकून दोन सीटचं 'होमबिल्ट' घेतात. होमबिल्ट म्हणजे किट मागवून गॅरेजमध्ये बांधलेलं. तिकडचा नियम असा, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं पाहिजे. मग सरकारची एफएए ही संस्था त्याला 'एक्सपेरिमेंटल' वर्गात प्रमाणपत्र देते. हे विमान भाड्याने प्रवासी न्यायला चालत नाही, फक्त स्वतःच्या वापराला.

आता हिशोब बघा. मोठी बोनान्झा ३०० हॉर्सपॉवरची, ताशी साधारण ३०० किलोमीटर जाते आणि तासाला पंचावन्न-साठ लिटर पेट्रोल पिते. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-७ ला १८० हॉर्सपॉवरचं इंजिन पुरतं. ती जवळपास त्याच वेगाने जाते आणि तासाला तीस-पस्तीस लिटरमध्ये भागवते. म्हणजे ८०० किलोमीटरला एकीकडे दीडशे लिटर, दुसरीकडे नव्वदच्या आत. पोहोचायची वेळ तीच! कारण साधं आहे: भरलेल्या आरव्हीचं वजन भरलेल्या बोनान्झाच्या निम्मंच आहे. रिकाम्या चार सीटा ओढायला पेट्रोल लागतं, हो.

देखभालीतही फरक पडतो. ज्याने विमान बांधलं त्याला त्या विमानापुरतं रिपेअरमनचं प्रमाणपत्र मिळू शकतं आणि वर्षाची तपासणी तो स्वतः करतो. पण दुसऱ्याने बांधलेलं विकत घेतलंत, तर तो हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही. सेकंडहँड मशीन घेताना हे असले बारकावे आपण विचारतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे: लहान विमानावर येणं बरोबर. पण त्याआधी लॉगबुक उघडा. पायलटला प्रत्येक उड्डाण लिहून ठेवायची सवय असते. दोन वर्षांच्या नोंदींत बहुतेक फेऱ्या एकट्याच्या किंवा नवराबायकोच्या असतील, तर सहा सीटा कोणासाठी ठेवल्यात? दिवाळीला नातवंडं येणार म्हणून कोणी वर्षभर मंगल कार्यालय भाड्याने घेतं का?

माझं लॉगबुक म्हणजे डिलिव्हरीची वही. हार्डवेअरचं दुकान नीट चालायला लागलं तेव्हा कर्ज काढून मी ४०७ घेतली. पाइपांची मोठी ऑर्डर आली की ती भरून जायची. अशा ऑर्डरी वर्षाला चार-पाच! बाकी दिवस दोन कमोड आणि दहा पोती वॉल पुट्टी घेऊन एवढी मोठी गाडी गावभर फिरायची. अठरा महिने हप्ते भरताना माझं कंबरडं मोडलं, दोनदा तर बायकोच्या पगारातून हप्ता गेला. आणि तरी विकेना, कारण गाडी गेली की बाजारात लोक म्हणणार, "बसला वाटतं धंदा." बीबीएला कॅपॅसिटी युटिलायझेशनचा धडा मला पाठ होता. परीक्षेत लिहिला, वहीत बघितला नाही.

दुसरी बाजूही सांगतो. दोन सीटच्या आरव्हीत सामानाला जागा ४५ किलोच्या आसपास. हलकं विमान असल्याने खराब हवेत धक्के जास्त बसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, होमबिल्ट विमानांत अपघाताचं प्रमाण कंपनीच्या विमानांपेक्षा जास्त आहे. नव्या विमानाची सुरुवातीची उड्डाणं प्रवासी न घेता, ठरवून दिलेल्या भागातच करावी लागतात, ती उगाच नाही. इथे पैसे वाचवायला जाऊन जीव जाऊ शकतो. त्यामुळे त्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग घेतल्याशिवाय लांब जाऊ नये.

शिवाय बांधायला हजार-दोन हजार तास सहज जातात. हजारो रिव्हेट, ज्याला आमच्या काउंटरवर रिपीट म्हणतात, एकेक करून ठोकायचे. नोकरी सांभाळून पाच-सात वर्षं. ज्याला बांधण्यात मजा आहे त्याने जरूर बांधावं. ज्याला फक्त प्रवास करायचाय त्याने दुसऱ्याने बांधलेलं, नीट तपासून घ्यावं. आपले तास फुकट धरणं ही आपली जुनी खोड आहे. घरी बसून मसाले करणारी ताईसुद्धा स्वतःची मजुरी किमतीत धरत नाही.

आणि ॲडव्हान्सचं काय? ११,००० च्या वर विमानं ज्यांच्या किटमधून उडाली, त्या व्हॅन्स कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. डिपॉझिट भरून बसलेल्यांना वाढीव भाव मान्य करण्याची वेळ आली. कंपनी पुढे सावरली, पण गिऱ्हाइकाची झोप उडायची ती उडालीच.

आपल्याकडे हे सगळं अजून फार अवघड आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते बघितलं, आणि परवानगीसाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. म्हणून तुम्हाला विमान घ्या असं मी सांगत नाहीये.

माझी ४०७ शेवटी तोट्यात गेली. आता छोटा हत्ती आहे, रोज भरून जातो. पाइपांची मोठी ऑर्डर आली की ज्याला ती ४०७ विकली त्यालाच फोन लावतो. भाडं घेतो, चहा माझ्याकडे पितो. गाडीला नवा रंग दिलाय त्याने, माझ्यापेक्षा छान ठेवलीय.