पुढचा डबा पकडा!

मागच्या शनिवारी मला एका स्की रिसॉर्टच्या लिफ्टवरून परत पाठवलं. तिकीट काढलेलं, हेल्मेट डोक्यावर, वीस मिनिटं लाइनमध्ये उभा. खिडकीवर पैसे घेताना कोणी काही बोललं नाही. लिफ्टवाल्या पोराने मात्र माझ्या काखेतल्या फळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे खेळणं इथे चालत नाही." मागचे दोन स्नोबोर्डवाले फिस्सकन हसले. लिफ्टवाल्याचा राग नाही आला, नोकरी करतोय बिचारा. त्या दोघांचा आला, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे सगळं.

तर मंडळी, ही फळी म्हणजे स्नोस्केट. चाकांचा स्केटबोर्ड सगळ्यांनी पाहिलाय. त्याची चाकं काढा, खाली लांब खाचा असलेलं घसरणारं प्लास्टिक लावा, वर फोमची ग्रिप. झालं! पाय कशालाही बांधलेले नसतात. जाड तळाचे साधे बूट घालायचे आणि उभं राहायचं. हा सिंगल डेक. दुसरा प्रकार बायडेक. त्यात वर फळी, मध्ये धातूचे ट्रक आणि खाली स्टीलच्या कडा असलेली एक अरुंद स्की. फळी बर्फापासून उंच राहते, त्यामुळे वळताना भरपूर कलता येतं, बूट बर्फाला घासत नाहीत आणि कडा बर्फात रुततात. खऱ्या डोंगरावरून उतरायचं तर हाच. माझ्याकडे सिंगल डेक आहे, कारण तो शंभर-दीडशे डॉलरात येतो आणि बायडेकला त्याच्या दुप्पट-तिप्पट पडतात.

आता त्या हसणाऱ्यांकडे वळतो. बाबांनो, तुमचा स्नोबोर्ड आला कुठून? १९६५च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्केगॉन गावी शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने (आपल्यातलाच निघाला!) मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. बायकोने नाव ठेवलं स्नर्फर. धरायला पुढे दोरी, पण पाय मोकळे. म्हणजे तुमचा मूळ पुरुष माझ्या फळीचाच भाऊ, आणि तेव्हा तोही खेळणंच होता. पुढची गंमत तर आणखी भारी. १९७९ साली मिशिगनमधल्याच स्नर्फर स्पर्धेत जेक बर्टन कार्पेंटर स्वतः बनवलेला, पाय अडकवायची सोय असलेला बोर्ड घेऊन आला. बाकीच्यांनी आक्षेप घेतला. शेवटी त्याच्यासाठी वेगळा गट काढला. गटात तो एकटाच, त्यामुळे जिंकलाही तोच. पाय बांधणारा तेव्हा 'वेगळा' होता!

नंतर ऐंशीच्या दशकात स्की रिसॉर्टवाल्यांनी स्नोबोर्डला दारात उभं केलं नाही. १९९८मध्ये नागानोला तो ऑलिंपिकमध्ये गेला, तरी यूटामधले आल्टा आणि डिअर व्हॅली आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन आजही स्नोबोर्डवाल्यांना घेत नाहीत. ज्यांनी हा अपमान गिळलाय, त्यांनी तरी हसू नये. पण लोकलमध्ये धक्के खाऊन आत शिरलेला माणूसच पुढच्या स्टेशनला सर्वांत मोठ्याने ओरडतो, "जागा नाही, पुढचा डबा पकडा!" तसं चाललंय.

सेफ्टीचा मुद्दा? तो आहे, नाकारत नाही. पाय मोकळे म्हणजे पडलात की फळी एकटीच सुटते, आणि उतारावर खाली एखादं लहान पोर असेल तर विचारच करायला नको. म्हणून पायाला लीश बांधायची सक्ती मला शंभर टक्के मान्य आहे. बऱ्याच ठिकाणी बायडेक, स्टीलच्या कडा आणि लीश असेल तरच लिफ्टवर घेतात. चढ्या, कडक बर्फावर सिंगल डेक आडवा घसरत जातो, हे माझ्या डाव्या कोपराला विचारा. तिथे नका सोडू आम्हाला. पण शिकाऊ लोकांच्या त्या सपाट, ताटासारख्या उतारावर काय हरकत आहे? तिथे तर लोक भाड्याच्या स्की लावून एकमेकांवर कोसळत असतात, आणि त्यांना कोणी खेळणं म्हणत नाही, कारण भाडं भरलेलं असतं.

खरी पोटदुखी ही आहे. काही मोठ्या रिसॉर्टमध्ये गर्दीच्या दिवशी खिडकीवरचं तिकीट तीनशे डॉलरच्या पुढे गेलंय. वर बूट, बाइंडिंग, बोर्ड. ऑनसाइट आलेले आपले लोकही पहिल्या थंडीत पूर्ण किट घेतात, दोनदा जातात आणि मग ते बाल्कनीत पडून राहतं. स्नोस्केटला लिफ्टच लागत नाही. पार्कातली टेकडी, दोन-तीन इंच बर्फ, आणि वर चढायला स्वतःचे पाय.

तिकिटाचे पैसे परत मागितलेत, उत्तर आलेलं नाही. या रविवारी बर्फ आहे म्हणतात. घरामागच्या टेकडीवर नऊपासून आहे, दुसरी फळीही आहे. तेलुगू रूममेट ती मागतोय, पण अजून दिलेली नाही. कोणाला यायचं असेल तर सांगा.