अर्धवट गोधड्या आणि म्हशीची धार

अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या हौशी बायकांमध्ये एक शब्द आहे : 'यूएफओ'. उडती तबकडी नव्हे :) 'अनफिनिश्ड ऑब्जेक्ट', म्हणजे सुरू करून अर्धवट ठेवून दिलेलं शिवण. आपल्या कपाटात किती यूएफओ आहेत ते त्या एकमेकींना हसत हसत सांगतात आणि नव्या वर्षात ते संपवायचे संकल्प सोडतात. आमच्या धारूरकडे असा काही शब्द नाही. आमच्याकडे नुसतं "पेटीत आहे" म्हणतात. पेटी म्हणजे लोखंडी संदूक, लग्नात आलेली, आणि तिच्या तळाशी अर्धी टाचलेली गोधडी, तिच्यातच खोवलेली सुई.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धारूरकडच्या पेट्यांमधल्या गोधड्या आळसामुळे पडून नाहीत. "हल्लीच्या बायकांना हौसच राहिली नाही" हे तर साफ खोटं. हा सगळा तासांचा हिशेब आहे. आणि त्या पूर्ण व्हाव्यात असं ज्यांना मनापासून वाटतं (म्हणजे माझ्यासारखे पुण्यात बसून गहिवरणारे), त्यांनी सुई हातात घ्यायची काही गरज नाही. त्यांनी म्हशीची धार काढावी.

ज्यांना धारूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीड जिल्हा, बालाघाटाचा डोंगर, एक जुना किल्ला (म्हणून किल्ले धारूर), नागमोडी घाट आणि बहुतेक ठिकाणी मुरमाड जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. पाऊस आला तर. तो नाही आला तर काय होतं ते सांगतो. २०१५ च्या दुष्काळात आमच्याकडे 'दसरा काढायला' सुद्धा पाणी नव्हतं. घटस्थापनेच्या आधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन धुवायची, त्याला दसरा काढणं म्हणतात. त्या वर्षी गोधड्या नुसत्या उन्हात झटकून घरात आणल्या. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने पाहिलं.

आता गोधडीचं कॅलेंडर बघा. गोधडी उन्हाळ्यात घालतात. अंगण कोरडं असतं, कापडं जमिनीवर ताणून पसरता येतात, चार कोपऱ्यांवर दगड ठेवता येतात. मृग लागला की पेरणी, मग खुरपणी, मग सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं इतकी फाटतात की सुई धरवत नाही. तूर, मग ज्वारी. म्हणजे निवांत वेळ काय तो ज्वारी खळ्यातून घरात आल्यावर. एप्रिलचा मध्य ते ७ जून. त्यात लग्नसराई.

आणि हे झालं घरी राहणाऱ्यांचं. धारूर, केज, वडवणी या पट्ट्यातल्या हजारो घरांचं कॅलेंडर साखर कारखान्यांच्या हातात असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला निघते. त्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं मिळून एक हत्यार! शब्दाकडे नीट बघा, त्यात बाई वेगळी मोजलेलीच नाही. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, म्हणजे पुढच्या पाच-सहा महिन्यांचे तास आधीच विकलेले. माझी काकू २०१९ पासून दर हंगामाला फडावर जाते. तिची एक गोधडी २०१९ पासूनच पेटीत आहे. हा योगायोग नाही.

गंमत म्हणजे गोधडीची खरी गरज तिलाच सगळ्यात जास्त. डिसेंबर-जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या रानात, पाचटाच्या कोपीत, पहाटे तीन-चारला उठून तोडणीला जायचं. खाली भुई थंड, वरून दव. पूर्ण झालेली गोधडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते आणि फडावर जाते, अर्धवट राहिलेली गावातल्या कुलूपबंद घरात राहते. काकू दोन वर्षांपासून रस्त्याच्या कडेला मिळणारं ते झुळझुळीत रंगीत ब्लँकेट नेते. "गरम लागतं, पण अंगाला चिकटत न्हाई रे," म्हणते. गोधडी अंगाला 'चिकटते' म्हणजे काय, हे ज्यांनी पांघरली आहे त्यांना कळेल. वजन असतं तिला.

आता माझ्या आवडीचा भाग. हिशेब. (इंजिनिअर आहे हो, सवय जात नाही.)

गेल्या उन्हाळ्यात पाच आठवडे घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मी गावी गेलो. तिथे टेप घेऊन आईची गोधडी मोजली. साधारण ६ फूट बाय ४ फूट. ओळींमध्ये बोटभर अंतर, म्हणजे २ सेंटिमीटर. म्हणजे ६० ओळी, प्रत्येक १.८ मीटरची. एकूण १०८ मीटर धावदोरा. एक टाका आणि पुढची मोकळी जागा मिळून ८ मिलिमीटर धरले तर साडेतेरा हजार टाके. आई एका तासात ४ मीटरच्या आसपास जाते, कारण चार-पाच पदरांतून सुई काढायची असते. म्हणजे २७ तास. यात कापडं उसवणं, जोडणं, पसरणं धरलेलंच नाही.

आईला दिवसाकाठी सलग मोकळा वेळ किती मिळतो? मी आठवडाभर चक्क लिहून ठेवलं. दुपारच्या भाकरीनंतर अर्धा तास. बस्स. अर्ध्या तासाने २७ तास भागले की ५४ दिवस होतात. आणि १५ एप्रिल ते ७ जून किती दिवस? ५३!

म्हणजे उन्हाळाभर एकही लग्न नाही, एकही पाहुणा नाही, एकही आजारपण नाही, म्हैस व्यायलेली नाही, तरीसुद्धा एक गोधडी एका दिवसाने चुकणार. ज्या प्रोजेक्टचं शेड्यूल असं असतं त्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

पैशात बघायचं तर आमच्या गावात खुरपणीचा बाईचा रोज तीनशे रुपये आहे. २७ तास म्हणजे चार रोज, म्हणजे बाराशे रुपयांची मजुरी. ते झुळझुळीत ब्लँकेट याच्या निम्म्यात येतं. फडावर तर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास दर आहे, २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानंतरचा, आणि जोडी दिवसाला दोन टन तोडते असं काकू सांगते. अशा ठिकाणी टाके घालत बसणारी बाई शहाण्यांना खुळी वाटणारच.

बाकी कापडाचाही एक घोळ आहे. गोधडी सुती लुगड्यांची. नऊवारी लुगडं वापरून वापरून मऊ झालं की आत जायचं, वरून साड्यांचे काठ आणि तुकडे. आता सुती लुगडं नेसणारी पिढीच संपत आली. पेटीत येतात त्या सिंथेटिक साड्या : घसरतात, घाम शोषत नाहीत, टाका ओढला की चुणी पडते. चटकन वाळतात आणि झिजत नाहीत हे मात्र खरं. आई त्या वरच्या थराला वापरते, आत जुनी सुती चादर घालते, आणि तुकडे मशीनवर जोडून घेते. "हाताने शिवलेली तीच खरी" वगैरे शुद्धतावाद शहरातल्या दुकानांसाठी ठीक आहे. माझ्या मते मशीनने चार तास वाचत असतील तर मशीन वापरावी.

शहरातली दुकानं म्हटल्यावर एक वळण घेतो. जुन्या गोधड्यांना हल्ली मागणी आहे. पुण्या-मुंबईत त्या भिंतीवर टांगलेल्या दिसतात, जॅकेटं शिवलेली दिसतात. एका मित्राने सुचवलं की गावातल्या अर्धवट गोधड्या गोळा कर, इथे पूर्ण करून घेऊ, 'प्रत्येकीमागे एक स्टोरी' लिहू. कल्पना वाईट नाही, पण मला गीज बेंड आठवतं. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर ही एक काळ्या शेतकरी कुटुंबांची वस्ती आहे, पूर्वीचा कापसाचाच मळा. तिथल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांच्या, डेनिमच्या गोधड्या शिवल्या त्या थंडी वाजते म्हणून. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्या लागल्या, २००६ मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये त्यातल्याच काही जणींनी आपला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात दावे लावले. पुढच्या वर्षी ते मिटले. मुद्दा असा की भिंतीवर गेलेली गोधडी कुणाची, हा प्रश्न तिथेही सुटायला सोपा नव्हता. म्हणून माझं म्हणणं, पूर्ण झालेली गोधडी जिची तिने विकली तर खुशाल घ्या, आणि २७ तासांचा भाव देऊन घ्या. अर्धवट असलेली मात्र जिच्या सुईने सुरू झाली तिच्याच हातात राहू द्या.

तर मग ती पूर्ण होणार कशी? पुन्हा हिशेब. आईच्या दिवसात दोन म्हशींची सकाळ-संध्याकाळ मिळून धार, शेण, वैरण, पाणी आणि डेअरीवर दूध घालणं यात दीड तास जातो. तो दीड तास दुसऱ्या कुणी उचलला तर अर्ध्याचे दोन तास होतात आणि ५४ दिवसांचे १४. एवढंच आहे. कुठलंही वर्कशॉप नको, 'लोककलेचं जतन' नको.

पाच आठवडे मी तो दीड तास घेतला. सकाळची धार स्टँडअप मीटिंगच्या आधी. पहिले तीन दिवस म्हशीने दूध वर चढवून धरलं, चौथ्या दिवशी तिला माझा वास पटला असावा. आईला आधी हे अजिबात रुचलं नाही. "पुण्याचा इंजिनेर शेण काढतोय, लोकं हसतील लेकरा." लोकं हसलीही. शेजारच्या आजीने विचारलं, नोकरी गेली का रे?

आईच्या पेटीत तीन होत्या. पहिली म्हणजे माझ्या भाचीसाठी घातलेलं दुपटं. बाळाचं. भाची आता पाचवीत आहे :) ते तिने स्वतःच आजीला सुईत दोरा ओवून देऊन पूर्ण करून घेतलं आणि बाहुलीसाठी पळवलं. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, दोरा ओवताना तिला कुणीतरी लागतंच. दुसरी २०१५ ची, दुष्काळाच्या उन्हाळ्यात घातलेली, ती मे अखेर संपली. तिसरी आजीच्या लुगड्यांची. आजीने स्वतः कडेच्या नऊ ओळी घातल्या होत्या, बारीक, एकसारख्या. आईने त्या उसवायला नकार दिला. तिचे टाके मोठे पडतात, दोन्ही हात वेगळे दिसतात. "दिसू दे की. तिचं तिच्या हाताचं, मपलं मपल्या हाताचं."

दुसरी काकूला दिली, फडावर न्यायला. काकूची स्वतःची अजून पेटीतच आहे. तिच्या घरी दीड तास उचलायला कुणी नाही, कारण हंगामात घरच नसतं आणि पावसाळ्यात ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला असते. तिच्याबाबतीत माझं धारेचं तत्त्वज्ञान अपुरं पडतं हे मला दिसतंय. तिथे प्रश्न उचल किती आणि टनाचा दर किती यापाशी जातो, आणि तो एका पुतण्याच्या सुट्टीत सुटत नाही.

तिसरीच्या ३१ ओळी झाल्या होत्या तेव्हा पेरणी आली आणि मी परतलो. वडिलांशी फोनवर बोलणं चालू आहे. सकाळची धार ते काढायला लागलेत, "तात्पुरती" म्हणून. संध्याकाळच्या वेळी त्यांना पारावर जायचं असतं. त्याचं अजून ठरायचंय.