दुसऱ्याच्या चुकीचे मोल

१९ जुलै २०२४ रोजी अंधेरीनजीकच्या विमानतळावर रांगा लांबत गेल्या आणि अकासा एअरला प्रवाशांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. इंडिगोने त्या दिवशी सुमारे दोनशे उड्डाणे रद्द केली. निमित्त झाले ते क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठीच पाठविलेल्या एका सुधारणेचे. आज्ञावलीपुढे नोंदी होत्या २०. ती वाचावयास गेली २१वी. स्मृतीची हद्द ओलांडली गेली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली.

‘सी’ व ‘सी प्लस प्लस’ या भाषांत ही हद्द सांभाळण्याचा भार मुख्यतः लिहिणाऱ्यावर असतो. ‘रस्ट’सारखी भाषा तो स्वतः उचलते. तिच्यातही नसलेली नोंद मागितली तर काम थांबू शकते, हे खरे. परंतु परक्या स्मृतीत शिरकाव होत नाही, आणि हल्लेखोरांना हवी असते ती नेमकी हीच फट. आपल्या उत्पादनांतील सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के याच जातीचे असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले होते.

मग अशा भाषा सर्वांनी केव्हाच का स्वीकारल्या नाहीत? चुकीचे पुरते मोल ती करणारा देत नाही, म्हणून. गिरणीचा धूर शेजारच्या चाळीने गिळावा, त्यातलाच हा प्रकार. अर्थशास्त्र यास बाह्य परिव्यय म्हणते. परवान्याच्या बारीक अक्षरांत कंपनी आपली जबाबदारी मर्यादित करून घेते. विमान हुकलेल्या प्रवाशाने त्या परवान्यावर सही केलेली नसते.

सर्व जुने लिखाण मोडून नव्याने लिहा, हा आग्रह मात्र वेडेपणाचा ठरेल. त्याची गरजही नाही. गूगलने अँड्रॉइडमधील नवे लिखाण सुरक्षित भाषांकडे वळविले, तेव्हा या दोषांचा वाटा २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुने लिखाण बहुतांशी जागच्या जागीच होते. लिनक्सच्या गाभ्यातही २०२२ च्या अखेरीस रस्टला प्रवेश मिळाला.

अंधेरीच्या सीप्झमधील कंपन्या आपण होऊन वळतील, ही आशा व्यर्थ आहे; ग्राहक मागेल त्या भाषेत लिहून देणे हाच त्यांचा धंदा. तेव्हा मागणी ग्राहकानेच केली पाहिजे. रेल्वे, सरकारी बँका व महापालिका यांनी निविदेत एवढे एक कलम घालावे: गाभ्याचे नवे लिखाण स्मृती-सुरक्षित भाषेत हवे, आणि नसेल तर का नाही, ते लेखी कळवावे.