स्वस्त मजुरीची किंमत

सिंगापूर म्हटले की चकचकीत इमारती डोळ्यांसमोर येतात; त्या बांधणारे बांगलादेशी नि तामीळ मजूर मात्र दिसत नाहीत. स्वस्त मजुरीची ही सवय मोडण्याचा प्रयत्न त्या देशाने पूर्वी केला होता. १९७९ पासून तीन वर्षे वेतने मुद्दाम चढवली गेली. मालकांनी यंत्रे व कौशल्य यांकडे वळावे, हा हेतू. पण १९८५ साली मंदी आली आणि १९८६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीतील मालकांचा वाटा २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर उतरवावा लागला. परदेशी मजूर येतच राहिले.

आज परदेशी मजुरामागे मालकाला कर भरावा लागतो. पण तो जातो सरकारी तिजोरीत, मजुराच्या हाती नव्हे! सफाई कामगारांना २०१४ पासून चढते वेतन सक्तीचे झाले, तेही स्थानिकांपुरतेच. २०२० च्या कोरोनात मजुरांच्या दाटीच्या वसतिगृहांनी याचे फळ भोगले.

माणूस यंत्राहून स्वस्त आहे तोवर यंत्र घेणार कोण? मजुरी वाढली तर घरे महागतील, असे म्हणतात. खरे आहे. पण ती किंमत आजही कोणीतरी मोजतोच आहे. फरक इतकाच, की तो त्या घरात राहत नाही.